गावाची वही आणि तापाची लस

(वनहक्क दावेदारांच्या हिंगणघाट येथील बैठकीत आमच्या गटाने आरोग्यावर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर आहे. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत. टोल्यावर, पोडावर वाचून दाखवावा.)



बाया-बापहो, दादा-ताईंनो, आजची बैठक दाव्यांची आहे. कोणाचा दावा उपविभागीय समितीत अडला, कोणाच्या वावराची मोजणी राहिली, हे सकाळपासून चालू आहे. मधेच हे पोरं-पोरी तापाचं काय घेऊन उभे झाले, असं काहींना वाटत असेल. पण दाव्याचा कागद आणि तापाची लस यांचा संबंध आहे. तोच सांगायला आम्ही उभे आहोत.

2009 साली स्वाइन फ्लूची साथ जगभर आली. 3 ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. शाळा बंद झाल्या, लोक तोंडाला फडकं बांधून फिरले. आपण म्हणालो, हा शहराचा आजार आहे, नाहीतर डुकराचा आहे. नाव डुकराचं असलं तरी तो माणसापासून माणसाला होतो. खोकल्यातून, शिंकेतून, शेंबडाच्या हातातून पसरतो. 10 ऑगस्ट 2010 ला जागतिक आरोग्य संघटनेनं साथ संपल्याचं जाहीर केलं. साथ संपली, पण विषाणू संपला नाही. पावसाळ्यात आणि थंडीत तो फिरत राहणार. आता सोयाबीनची सोंगणी तोंडावर आहे, मग कापसाची वेचणी. एका छपराखाली वीस-वीस माणसं झोपणार. त्यातला एक खोकलला की पुढचं सांगायला नको.

आपल्या बुढ्या लोकांनी मानमोडीचं नाव ऐकलं आहे. ती हीच जात, फ्लूची. साल 1918. पहिलं महायुद्ध चालू होतं. जूनमध्ये बोटीनं आजार मुंबईत उतरला आणि रेल्वेनं आत शिरला. पहिला फेरा हलका गेला. दुसरा सप्टेंबरपासून आला, त्यानं गावंच्या गावं झोपवली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली. आपला हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांत हा सगळ्यात जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी होता. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हतं. घरात सगळेच पडले तर पाणी द्यायला कोणी उरत नव्हतं. किती माणसं नुसती तहानेनं, उपाशीपोटी गेली असतील! जंगलातल्या गावांत किती मेली, हे नीट लिहून कोणी ठेवलं? ज्यांची जमीन कागदावर नव्हती, त्यांचं मरणही कागदावर आलं नाही.

आता लसीचं सांगतो. फ्लूची लस आहे. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. स्वाइन फ्लूची लस आधी परदेशातून आणली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. 2010 साली देशात तयार झाली. जूनमध्ये सुईची आली, जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची आली. नाकातली लस गरोदर बाईला देत नाहीत, हे लक्षात ठेवा. पण 2010 साली ही लस बाजारात पैसे देऊन घ्यावी लागत होती. घरात पाच माणसं असतील तर किती दिवसांची रोजी जाईल, हिशोब तुम्हीच करा. फ्लूनं जास्त धोका कोणाला? गरोदर बाईला, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला, म्हाताऱ्या माणसाला, दमा, शुगर, हृदयाचा आजार असणाऱ्याला. ही माणसं आपल्या प्रत्येक टोल्यावर आहेत. त्यांना ही लस सरकारनं फुकट दिली पाहिजे, ही आपली मागणी आहे.

पण एक गोष्ट आजही फुकट आहे आणि आपण ती पूर्ण घेत नाही. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. डांग्या खोकल्याची लस दीड महिन्यापासून. गोवर आणि डांग्या खोकला या दोन्हींचा शेवट पुष्कळदा निमोनियात होतो. फ्लूचाही तसाच होतो. लेकरू तापानं जात नाही, श्वासानं जातं. म्हणून ह्या सुया चुकवू नका. सुईनंतर एक-दोन दिवस अंग तापतं, पाय सुजतो, ते उतरतं. सुईनं मूल होत नाही वगैरे जे बोललं जातं, त्यात तथ्य नाही. शंका असेल तर नर्सबाईला विचारा. विचारणं आपला हक्क आहे.

मग लस चुकते कशी? दरवेळी लोकच नाही म्हणतात असं नाही. 2002 साली दिल्लीहून वनजमिनीवरची अतिक्रमणं काढायचा आदेश निघाला. तेव्हापासून सरकारी जीपचा आवाज आला की आपली माणसं जंगलात सरकतात. जीप वनखात्याची आहे की दवाखान्याची, हे लांबून कसं कळणार? नर्सबाई येते, टोला रिकामा पाहते, लिहिते की लाभार्थी हजर नाहीत.

दुसरं कारण मोठं आहे. सरकारचा नियम असा की मैदानी भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्राचंही तसंच, 30,000 आणि 20,000. आता पाहा, वर्धा जिल्ह्यात गोंड आहेत, कोलाम आहेत. कोलाम तर सरकारच्याच यादीत आदिम जमात आहे. पण जिल्ह्याचा कोणताही भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. आपण आदिवासी, आणि आपलं माप मैदानी. त्यातही जो टोला महसुली गाव म्हणून नोंदलेला नाही, तो कोणाच्या यादीत यायचा?

वनहक्क कायदा 2006 चा आहे, त्यात याचं उत्तर आहे. कलम 3(1) मध्ये वनगावं आणि बिनमोजणीच्या जुन्या वस्त्या महसुली गावं करून घेण्याचा हक्क दिला आहे. आणि कलम 3(2) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता यांसाठी वनजमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे दवाखान्याला जागा नाही, जंगल आडवं येतं, हे कोणी सांगितलं तर हे कलम दाखवायचं. शिफारस करणारी ग्रामसभा, म्हणजे आपणच.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर काय? तोवर गडचिरोलीकडं पाहू. तिथं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1988 च्या सुमारास गावातल्याच माणसांना आणि सुईणींना निमोनिया ओळखायला शिकवलं. पुष्कळ सुईणींना अक्षर येत नव्हतं, फार पुढं मोजता येत नव्हतं. म्हणून मण्यांची एक पाटी केली, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया. मग औषध गावातच द्यायचं. जिथं हे केलं तिथं लेकरांचं निमोनियाचं मरण बाकीच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झालं. हे काम डॉक्टरनं नाही, गावातल्या माणसांनी आणि सुईणींनी केलं.

आपल्याकडे लेकराचं पोट उडायला लागलं की डब्बा झाला म्हणतात, आणि काही ठिकाणी पोटावर डाग देतात. डाग देऊ नका. डागानं छातीतली घाण निघत नाही, लेकराला आणखी एक जखम होते. भूमकाला आणि सुईणबाईला आमचं हात जोडून सांगणं आहे, लोक आधी तुमच्याकडे येतात, तर तुम्हीच आधी श्वास मोजा. लेकरू शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. बरगडीखाली खड्डा पडत असेल, लेकरू अंगावर पीत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही.

मोठ्या माणसाचा साधा फ्लू आराम, पाणी, पेज यांनी आठवड्यात उतरतो. सलाईन लावली म्हणजे लवकर बरं होतं असं नाही, त्यात पैसे जातात. पण धाप लागली, माणूस बरळायला लागला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर उपजिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्राम गाठा. गरोदर बाईला ताप-खोकला असेल तर पहिल्याच दिवशी न्या. स्वाइन फ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तर जास्त लागू पडते.

शेवटी काम काय करायचं, ते सांगतो. बैठकीनं मान्य केलं तर हेच ठराव समजावेत.

1. दाव्यांसाठी जशी वही केली, तशी प्रत्येक टोल्याची आरोग्याची वही करायची. जन्म, मरण आणि मरणाआधी काय होत होतं ते. गरोदर बाया, वर्षाच्या आतली लेकरं, कोणती सुई झाली, कोणती राहिली. टीबी किंवा असा आजार असेल तर तो चारचौघांत वाचायचा नाही.

2. कामाला बाहेर जाणाऱ्या घरांची वेगळी यादी. जायच्या आधी लेकराची सुई पूर्ण करायची, कार्ड सोबत न्यायचं.

3. नर्सबाईच्या येण्याचा दिवस आधी ठरवून घ्यायचा आणि दवंडी द्यायची. त्या दिवशी टोल्यावर संघटनेचा एक माणूस हजर राहील. जीप कोणाची आहे हे तो सांगेल.

4. खोकताना तोंडावर गमछा किंवा पदर. जेवणाआधी साबणानं हात. खोकणारा वेगळा झोपेल, त्याचा पेला वेगळा. चुलीच्या धुरात लेकरू ठेवायचं नाही. सगळं घर आजारी पडलं तर शेजारच्यानं पाणी आणि पेज पोचवायची.

5. कलम 3(2) खाली दवाखान्याच्या जागेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत.

कायद्याच्या नियमांत म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरतात. आपण बुढ्या लोकांकडून जमिनीचं लिहून घेतलं. आता मानमोडीचं आणि गोवराचंही लिहून घेऊ, आणि आजपासून गेलेल्या प्रत्येक लेकराचं लिहून ठेवू. तहसीलमध्ये आणि जिल्हा परिषदेत ती वही टेबलावर ठेवली की, तुमच्याकडे असे आजार नाहीत, असं म्हणायला कोणाला जमणार नाही.

जय सेवा.