न्यायव्यवस्था आणि अभ्यासक



पेडणे तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून शापोरा नदी वाहते. तिच्या पलीकडे, बार्देशातील कोलवाळ येथे, गोव्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. आग्वाद येथील बंदी २०१५ मध्ये येथे हलविण्यात आले. कारागृह म्हटले की शिक्षा झालेले गुन्हेगारच डोळ्यांसमोर उभे राहतात. वस्तुतः देशातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जणांचा खटला अद्याप चालू असतो. त्यांनाच आपण कच्चे कैदी म्हणतो.

या बंद्यांसाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यास ही सवलत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे अशा आरोपीस एका वर्षानंतर सुटकेचा मार्ग मोकळा होतो. तसा अर्ज न्यायालयाकडे करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसलेल्या कच्च्या कैद्यासाठी केंद्र शासनाच्या २०२३ च्या योजनेत साहाय्याची तरतूद आहे.

तरीही एखादा मजूर केवळ जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिला, तर चूक कोठे झाली? अर्ज झाला नाही, की कागद वेळेवर पोहोचला नाही, की घरच्यांना योजनाच ठाऊक नव्हती? त्याच्या घरी मात्र प्रत्येक दिवसाची मजुरी बुडत असते. हा प्रश्न निव्वळ सद्भावनेने सुटत नाही. त्यासाठी नोंदी तपासणारा, माणसांशी बोलणारा, पद्धतशीर अभ्यास करणारा जाणकार लागतो.

अशा जाणकारांना शासन अर्थसाहाय्य देते. १९७० मध्ये स्थापन झालेला केंद्रीय पोलीस संशोधन व विकास विभाग अपराधशास्त्र आणि पोलीस विज्ञान या विषयांत पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतो. केंद्रीय न्याय विभागाचीही न्यायिक सुधारणांवरील संशोधनास साहाय्य करणारी योजना आहे. मोठ्या समित्यांचे कार्य निराळे असते. न्यायमूर्ती मलिमथ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये १५८ शिफारशी केल्या. परंतु शिफारस तालुक्याच्या कचेरीत पोहोचल्यावर तिचे काय होते, हे पाहण्यासाठी कोणीतरी त्या कचेरीत बसावे लागते.

आपल्या भागात अभ्यासाला विषयांची वाण नाही. डिचोलीतील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या. अनेक घरांची मिळकत थांबली. पेडण्यात मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. या स्थित्यंतरांचा गुन्ह्यांशी संबंध आहे काय, असल्यास कोणता? देवळाच्या प्रांगणात यावर तर्क पुष्कळ चालतात. परंतु तर्कावर धोरण उभारता येत नाही.

दुसरे उदाहरण समाजसेवेच्या शिक्षेचे. भारतीय न्याय संहितेने ही शिक्षा नव्याने आणली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने वस्तू वा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी विनावेतन समाजोपयोगी काम दिले जाते. हे काम कोणते असावे, त्यावर देखरेख कोणी ठेवावी? गावासमोर राबणारा तरुण त्याने सुधारेल, की लाजेने गाव सोडून जाईल? याचे उत्तर अनुभव गोळा करूनच मिळेल.

अभ्यासकाचे अहवाल कपाटात पडून राहिले, तर शासनाचा पैसा आणि त्याचे श्रम दोन्ही वाया जातील. म्हणून अहवालाचा सारांश मराठी व कोंकणीत गावापर्यंत यावा. अधिकाऱ्यांनी नियमांच्या मर्यादेत नोंदी खुल्या कराव्यात; उणीव दाखविणारा अभ्यासक हा विरोधक नव्हे, हे ध्यानी घ्यावे. शिक्षकांनी कायदा व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या अधिछात्रवृत्तींची माहिती द्यावी. ग्रामस्थांनी विचारणाऱ्याला सत्य सांगावे, आणि आपल्यापैकी कोणी कोठडीत असेल तर संशोधनाची वाट पाहत थांबू नये. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शापोरेवरचा पूल ओलांडताना कोलवाळच्या भिंतीकडे आपली नजर क्षणभर वळावी. त्या भिंतीआड कोणी कायद्याने ठरविलेल्या मुदतीपेक्षा एक दिवसही अधिक राहू नये, एवढ्यासाठीच हा सारा अभ्यास आहे.