शेवाळाचा स्निग्धपणा आणि आपली केळी
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीगणेश ही विद्येची देवता. म्हणून यंदा आम्ही विषय निवडला तो विज्ञानाचा, पण आपल्या बुऱ्हाणपूरच्या बागांशी नाते असलेला.

तापीच्या घाटावर आपण पायऱ्या जपून उतरतो, ते शेवाळामुळे. त्यातले निळे-हिरवे शेवाळ म्हणजे खरे तर जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातही ते वाढतात. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडून प्राणवायू सोडण्याची कला पृथ्वीवर प्रथम यांनीच साधली. झाडांच्या पानातील हरितकणही अशाच प्राचीन जिवाणूंचे वंशज मानले जातात.

हे काम चालते पेशीतील एका पातळ पडद्यावर. तो स्निग्ध रेणूंच्या, म्हणजे लिपिडांच्या, दुहेरी थराचा असतो आणि त्यात हरितद्रव्य बाळगणारी प्रथिने बसलेली असतात. यातील बहुतेक लिपिडांच्या डोक्याशी साखरेचा रेणू असतो. केळीच्या पानातील हरितकणांतही तीच रचना आढळते.

आता स्वयंपाकघरात या. थंडीत तूप थिजते, करडईचे तेल मात्र वाहते राहते. तेलातील मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध जास्त असतात. त्यामुळे साखळीला बाक येतो आणि रेणू घट्ट रचले जात नाहीत. पेशीचा पडदाही असाच सैल राहावा लागतो. कारण ज्या उन्हावर अन्न तयार होते, तेच ऊन त्या यंत्रणेतील एक प्रथिन सतत मोडत असते. मोडलेले काढून नवे बसवायला पडदा हालता हवा. थंडीत तो आखडला की दुरुस्ती मागे पडते आणि नासधूस पुढे जाते.

जपानचे नोरियो मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे पडताळून पाहिले. दुहेरी बंध घालणारे एक जनुक त्यांनी थंडी न सोसणाऱ्या सायनोबॅक्टेरियात घातले, आणि तो थंडी अधिक सोसू लागला.

आपली केळी उष्ण प्रदेशातली. फ्रिजमध्ये ठेवलेले केळे काळवंडते, कारण गारठ्याने पेशींचे पडदे बिघडतात आणि एरवी वेगळे राहणारे रस एकत्र येतात. बागेतही कडाक्याच्या थंडीनंतर पाने पिवळी पडतात, घड निसवायला उशीर होतो आणि वर्षभराच्या मेहनतीला फटका बसतो. म्हणून रात्री पाणी देणे, बांधावर वारा अडवणारी झाडे लावणे, घडांवर पिशव्या चढवणे हे उपाय मोलाचे आहेत. ते सारे त्या न दिसणाऱ्या पडद्याला ऊब देण्यासाठीच.

आमची तरुण मुलामुलींना विनंती आहे: जीवशास्त्र परीक्षेपुरते वाचू नका. आपल्या मातीतल्या पिकाची थंडी कमी करणारे संशोधन तुमच्यापैकीच कुणाच्या हातून व्हावे, हीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!