देहदान : आपली इच्छा घरात सांगून ठेवूया

गटाच्या बैठकीत आपण बचतीवर बोलतो, कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, लेकीच्या शिक्षणावर बोलतो. मरणाचा विषय निघाला की मात्र कुणीतरी म्हणतं, "अभद्र बोलू नका गं." आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत. विषय आहे देहदान, म्हणजे मेल्यानंतर आपला देह शिक्षणाला आणि संशोधनाला देणं.

दिलेल्या देहाचं पुढे काय करतात, हे बैठकीत सगळ्याच विचारतात. आपल्याकडे हा देह मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयात जातो. औषधं वापरून तो टिकवतात आणि पहिल्या वर्षाची मुलंमुली त्यावर शिकतात. शीर कुठून जाते, गर्भपिशवी कशाला लागून असते, हे नुसत्या चित्रावरून पुरतं कळत नाही. उद्या आपल्या सुनेचं सिझर करणारी डॉक्टरीण आधी अशाच देहावर शिकलेली असते.

देहाचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याचा फायदा आपण गाडीत बसलो की घेतो. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून मृत देहांवर अभ्यास सुरू झाला. किती जोराचा मार बसला की कवटी फुटते, छातीवर किती दाब आला की बरगड्या मोडतात, हे त्यातून मोजलं गेलं. त्या मापांवरून गाडीची पुढची काच बदलली. सीटबेल्ट आणि एअरबॅग सुधारल्या.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी बाहुले असतात की! असतात. पण बाहुला लोखंडाचा आणि रबराचा. माणसाचं हाड कधी मोडतं, हे त्याला कुणीतरी आधी शिकवावं लागतं. ते शिकवलं दान मिळालेल्या देहांनी. तिथलेच संशोधक अल्बर्ट किंग यांनी १९९५ साली अंदाज मांडला, की या अभ्यासातून झालेल्या सुधारणांमुळे १९८७ पासून दरवर्षी सुमारे ८,५०० जीव वाचले.

आता बायकांच्या कामाची गोष्ट. बराच काळ हे बाहुले मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचे होते. पुढे बाईचा म्हणून जो बाहुला आला, तोही बहुतांशी पुरुषाचंच माप लहान करून बनवलेला. बाईची मान, कंबर, हाडं वेगळी. अमेरिकेत २०११ साली एक अभ्यास छापून आला. पट्टा लावलेल्या पुरुष चालकापेक्षा पट्टा लावलेल्या बाईला गंभीर दुखापत होण्याची शक्यता त्यात ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे बाईच्या देहाचा अभ्यास कमी झाला, की त्याची किंमत बाईच मोजते.

जाता जाता एक सांगतो. गाडीत पट्टा लावताना खालचा भाग पोटावर घेऊ नका, कमरेच्या हाडावर बसवा. गरोदर बाईने तर तो पोटाच्या खालूनच घ्यावा. हाड मार सोसतं, पोट सोसत नाही.

मग देह द्यायला अडतं कुठे? आमच्या गटातल्या एका आजींनी अर्ज भरला होता. साक्षीला भाचीची सही होती. बैठकीत त्या म्हणायच्या, "जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलं. मेल्यावर तरी माझ्या मनासारखं होऊ द्या." त्या गेल्या तेव्हा आम्ही मुलांना सांगायला गेलो. दारात भावकी जमली होती. मुलं म्हणाली, आई आम्हाला असं कधी बोललीच नाही, लोक काय म्हणतील? आजींना त्याच दुपारी अग्नी दिला. तेराव्यानंतर पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, तो कागद सापडला. थोरल्याने तो वाचला आणि बराच वेळ हातात धरून बसला.

मुलांना आम्ही दोष देत नाही. रक्षा सावडायला काय उरणार, मुक्ती कशी मिळणार, हे प्रश्न खरे वाटतात. पण घरी अंत्यदर्शन होतं, दिवस घालता येतात, पिंडदान करता येतं. आपल्या पुराणातल्या दधीची ऋषींनी तर लोकांसाठी हाडं दिली. आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल २०१२ साली कानपूरला गेल्या, त्यांचा देह तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१० साली गेले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला. यांच्या मुक्तीची काळजी कुणी केली नाही.

आता कामाचं. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. त्यावर आपली आणि जवळच्या नातलगांची सही लागते. याचे पैसे मिळत नाहीत. विचार बदलला तर नाव मागे घेता येतं. मृत्यूनंतर लगेच महाविद्यालयाला फोन करायचा आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला जवळ ठेवायचा. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांनी गेलेल्या माणसाचा देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं. डोळे दिल्यावरही देह देता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या कागदावर काम भागत नाही. घरचे तयार नसतील तर महाविद्यालय देह नेत नाही. म्हणून अर्ज भरा किंवा भरू नका, तो तुमचा निर्णय. पण जे ठरवाल ते मुलाला, सुनेला, जावेला, सगळ्यांना समोर बसवून सांगा. एकदा नाही, दोनतीनदा सांगा. कागद पेटीत ठेवू नका, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी घरात सगळ्यांना ठाऊक असते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं या विषयाला द्या. कुणी अभद्र म्हटलं, तर तिलाच आधी बोलायला सांगा.