केवळ एकांची मूळ संख्या

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वेस्थानकाचा फलाट जगात सर्वांत लांब म्हणून नोंदला गेला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये लोकार्पण झालेल्या या फलाटाची लांबी १५०७ मीटर. या संख्येला २, ३, ५, ७ यांपैकी कशानेच निःशेष भाग जात नसल्यामुळे ती मूळ संख्या असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. मूळ संख्या म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज जिला दुसरा अवयव नाही अशी संख्या. परंतु ११ ला १३७ ने गुणले की १५०७ येतात, आणि तो भास फिटतो. मौज अशी की, आठ वेळा एक लिहून होणाऱ्या १,११,११,१११ या संख्येलाही १५०७ ने बरोबर भाग जातो, भागाकार ७३७३.

अशा केवळ एकांच्या संख्यांशी देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. या क्रमातील संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ हे नाव दिले. तेही एका रेल्वेस्थानकाचेच, आजच्या डोंबिवलीचे जुने नाव होय.

मग केवळ एकांची कोणती संख्या मूळ असते? एकांची गणती संयुक्त असली, तर त्यांचे सारखे गट पडतात आणि अवयव आपोआप मिळतो. म्हणून गणती तरी मूळ हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. तीन एकांचे ३ आणि ३७, तर पाच एकांचे ४१ आणि २७१ असे अवयव पडतात. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मात्र मूळ ठरल्या आहेत.

यापुढची संख्या ४९,०८१ एकांची. हार्वी डब्नर यांना ती १९९९ मध्ये ‘बहुधा मूळ’ आढळली. येथे ‘बहुधा’ या शब्दाला फार अर्थ आहे. मूळ संख्येइतका २ चा घात घेऊन त्याला त्याच संख्येने भागले, तर बाकी २ उरते (२ ही संख्या तेवढी वगळून). परंतु ११ आणि ३१ यांचा गुणाकार असलेली ३४१ ही संख्याही या परीक्षेत उत्तीर्ण होते! याहून कडक परीक्षाही आहेत. संदेशांचे गुप्तसंकेत सिद्ध करताना व्यवहारात त्यांच्यावर विसंबता येते. गणितशास्त्राला मात्र सिद्धताच हवी असते. ती विशिष्ट वक्रांच्या गणितावर आधारलेल्या पद्धतीने, संगणकाच्या साह्याने, पॉल अंडरवुड यांनी २०२२ मध्ये दिली. पुढच्याच वर्षी ८६,४५३ एकांची संख्याही मूळ असल्याचे सिद्ध झाले.

तेवीस वर्षांत त्या संख्येतील एकही अंक बदलला नव्हता. बदलले ते एवढेच की, जेथे अनुमान होते तेथे ज्ञान आले. १५०७ या चार अंकी संख्येने जो भास निर्माण केला, तो सहस्रावधी अंकांच्या संख्येबाबत किती सहज होईल, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रतीक्षेचे मोल कळते.