एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी

हिंदी महासागरात मॉरिशस हे ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट आहे. तिथे आधी डच, मग फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रजांचं राज्य होतं. गुलामगिरी संपत आली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांत आपल्या कोकणातलीही कुटुंबं होती. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. तरी ती माणसं टिकली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला. आज तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

आपल्या शेलार-भिवंडीतही परगावची माणसं मागावर राबतात. म्हणून बायांनो, सही-अंगठा करण्याआधी कागद वाचून घ्या. खाड्याला किती कापणार, ते आधीच विचारा.