व्हिस्की, बर्बन आणि आमचा मोह

आजच्या भाषणाचा विषय ऐकतांच एखाद्या घरांतील वडील मंडळींचा हात रेडिओच्या कळीकडे गेला असेल, तर त्यांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं दहाच मिनिटें धीर धरावा. मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. आणि मद्याची निंदा करण्याचें काम तर माझ्याहून अधिकारी माणसांनीं इतकें उत्तम करून ठेवलें आहे कीं, त्यांत मीं भर घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें आवडीविषयीं. अमुक पेय मला आवडतें, तमुक आवडत नाहीं, असें माणूस म्हणतो तेव्हां तो नेमकें काय सांगत असतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पडला तो एका कौटुंबिक वादामुळें. माझा धाकटा भाचा पुष्कळ वर्षें अमेरिकेंत राहतो. दिवाळीला तो नागपुरास आला, तेव्हां त्यानें बर्बनची एक बाटली बरोबर आणली. त्याच्या थोरल्या भावाच्या कपाटांत स्कॉच व्हिस्की होतीच. रात्रीं जेवणापूर्वीं दोघांचा वाद जुंपला. धाकटा म्हणे, "तुझ्या स्कॉचला धुराचा वास येतो, ओल्या लाकडांच्या चुलीपाशीं बसल्यासारखें वाटतें." थोरला म्हणे, "आणि तुझ्या बर्बनला काकवीची गोडी! हें मद्य कीं खोकल्याचें औषध?" शेवटीं दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा, तुम्हांला कोणती आवडते?"

मीं दोन्ही पेल्यांतला एकेक घोट घेऊन पाहिला. दोघांचेंही म्हणणें खरें होतें. स्कॉच माल्ट व्हिस्की मोड आणलेल्या जवांची. हे जव कांहीं ठिकाणीं दलदलींतील 'पीट' नांवाच्या मातीच्या धुरावर वाळवितात, म्हणून तो धुराचा वास. पुढें ती निदान तीन वर्षें ओकच्या पिंपांत मुरावी लागते. बर्बनमध्यें निदान एक्कावन्न टक्के मका असावा लागतो, आणि तें मद्य आंतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या कोऱ्या भांड्यांतच ठेवावें लागतें. जळक्या लाकडांतून त्याला तो तांबूस रंग आणि ती गोडी येते. एकदां वापरलेलें पिंप बर्बनला पुन्हां चालत नाहीं. तेव्हां तीं पिंपें पुष्कळदां स्कॉटलंडला जातात आणि त्यांतच तेथील व्हिस्की मुरते. म्हणजे जे दोघे भाऊ भांडत होते, त्यांच्या पेल्यांतील मद्यांचें नातेंही भाऊबंदकीचेंच म्हणावयाचें!

परंतु मीं निवाडा दिला तो तिसराच. मी म्हणालों, "मला या दोहोंपेक्षां मोहाची आवडली होती."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सगळे हंसले. थोरला भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे हातभट्टीची?"

त्या हंसण्याचा मला राग आला नाहीं. पण तो शब्द मनांत राहिला. 'स्कॉच' म्हटलें कीं डोंगर, झरे आणि जुनीं पिंपें डोळ्यांपुढें येतात. 'हातभट्टी' म्हटलें कीं पोलिसांची धाड येते. वस्तुतः दोन्ही शब्दांच्या मुळाशीं एक भट्टी आणि एक माणूस यांवांचून दुसरें कांहीं नाहीं.

मी मूळचा गोंदियाकडचा. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा निघालेला हा जिल्हा बाहेरच्या लोकांना धानासाठीं आणि राईस मिलांसाठीं ठाऊक असतो. परंतु देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांव या बाजूंस गेलें कीं धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतें. या जंगलांत आणि शेतांच्या धुऱ्यांवर मोहाचीं झाडें आहेत. शेत काढतांना बाकीचीं झाडें तुटलीं, तरी मोहाला कोणी कुऱ्हाड लावीत नाहीं. मार्च-एप्रिलांत पानें झडलेल्या या झाडांचीं गरदार, फिक्या पिवळ्या रंगाचीं फुलें पहाटेपासून टपटप खालीं पडूं लागतात. उजाडण्यापूर्वीं बायका-मुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात, कारण उशीर झाला तर हरिणें, माकडें आणि प्रसंगीं अस्वलही आपला वाटा घेऊन गेलेलें असतें. फुलें उन्हांत वाळलीं कीं बेदाण्यासारखीं तांबूस होतात. वाळलेल्या फुलांच्या वजनांत निम्म्याच्या आसपास साखरच असते. तीं भाजून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, गुरांना घालतात. धान संपलेल्या घरांत पूर्वीं याच फुलांवर दिवस निघत. दारू हा फुलाचा एक उपयोग आहे. तोच एक नव्हे.

आमच्या घरीं एक गोंड सालदार होता. आम्ही मुलें त्याला 'आजा' म्हणत असूं. मोह गाळण्यांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशींत नव्हता. वाळलेलीं फुलें मडक्यांत भिजत घालावयाचीं, कांहीं दिवसांनीं त्यांना फसफस येऊं लागली कीं मडकें चुलीवर चढवावयाचें, वर थंड पाण्याचें भांडें ठेवावयाचें, आणि वाफेचे थेंब नळीवाटे बाहेरच्या भांड्यांत उतरूं द्यावयाचे. वरचें पाणी तापलें कीं बदलावयाचें. पाणी किती वेळां बदललें यावरून आजा दारूचा कस सांगत असे. आपल्या भाषेंतला 'पहिल्या धारेची' हा वाक्प्रचार याच चुलीवरून आला आहे.

मी कॉलेजांतून सुटींत घरीं आलों असतां आजाच्या घरच्या लग्नांत मीं ती प्रथम चाखली. पळसाच्या पानाचा द्रोण होता. आजानें आपल्या द्रोणांतले चार थेंब आधीं जमिनीवर सोडले आणि म्हणाला, "पयले धरतीले, मंग मानसाले." मग मला अंगठ्याएवढी ओतून दिली. रंग पाण्याचा. तोंडाजवळ नेतांच एप्रिलच्या पहाटे झाडाखालीं येतो तोच वास आला. घोटाबरोबर थोडा धूर, थोडी गोडी, आणि मग छातींत ऊब. दुसरा द्रोण मागितला तेव्हां आजानें साफ नाहीं म्हटलें. पाहुण्यानें मान राखण्यापुरती घ्यावी, असा त्याचा दंडक होता.

आतां भाच्यांना मीं जी गोष्ट सांगितली ती आपल्यालाही सांगतों. ज्या स्कॉचचें एवढें कौतुक, तीही एके काळीं हातभट्टीचीच होती. कर जबर असल्यामुळें स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत लोक दऱ्याखोऱ्यांत लपून मद्य गाळीत आणि सरकारी शिपाई त्यांच्या भट्ट्या फोडीत. १८२३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून कर उतरविला आणि वर्षाला दहा पौंड भरणारास भट्टीचा परवाना देऊं केला. दुसऱ्याच वर्षीं ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्यानें परवाना घेतला. शेजारचे चोरून गाळणारे इतके संतापले कीं, त्याला पुष्कळ दिवस कमरेला पिस्तुलें बाळगावीं लागलीं. परंतु थोड्याच वर्षांत चोरट्या भट्ट्या मागें पडल्या. उघड्यावर गाळणाऱ्याला आपलें नांव बाटलीवर घालतां आलें. नांव घातलें म्हणून तें राखावें लागलें. आजची स्कॉच त्या नांवाच्या काळजींतून तयार झाली आहे. बर्बनचेंही तसेंच. १९६४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें ठराव करून तें आपल्या देशाचें विशिष्ट पेय असल्याचें जाहीर केलें. आणि दूर कशाला, गोव्याच्या काजूफेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

मोहाच्या वाट्याला हें आलें नाहीं. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्य गाळण्याचा धंदा सरकारी मक्त्याखालीं गेला, आणि १८९२ त तर मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याचा अंमल कालांतरानें आमच्या भागावरही बसला. आजही महाराष्ट्रांत मद्य घ्यावयाचें तर कायद्यानें परवाना लागतो, हें माझ्या भाच्यांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतें! शहरांतल्या माणसाला हा कायदा असा विनोदासारखा भेटतो. जंगलांतल्या माणसाला तो मडकें फोडणाऱ्या लाठीच्या रूपानें भेटला.

आणि येथूनच माझ्या गोष्टीचा दुःखाचा भाग सुरू होतो. भट्टी लपवावी लागली, तशी घाई आली. आजासारखा सावकाश गाळणारा माणूस मागें पडला. नवसागर आणि कुजका गूळ घालून रातोरात माल काढणारे पुढें आले. त्या मालाला ना फुलाचा वास, ना गाळणाऱ्याचें नांव. आजाचा मुलगा त्याच निनावी दारूच्या नादीं लागला आणि चाळिशीच्या आंत गेला. अशी दारू एकेका घरालाच खाते असेंही नाहीं. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभरावर माणसें मेलीं. त्या दारूंत मिथेनॉल होतें.

आजाची सून अजून गांवांत आहे. ती मोह वेंचते, वाळविते आणि आठवडी बाजारांत विकते. २०२१ सालीं राज्य सरकारनें मोहफुलांच्या साठवणीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठविले, तेव्हांपासून टोपली झांकून नेण्याची तिची धास्ती गेली. शेजारच्या मध्यप्रदेशानें तर २०२२ च्या सुमारास आदिवासींनीं जुन्या रीतीनें गाळलेल्या मोहाच्या मद्याला वारसा म्हणून उजळ माथ्यानें विकूं देण्याचें धोरण धरलें. गेल्या उन्हाळ्यांत मीं मोठ्या उत्साहानें हें सारें तिला सांगितलें. स्कॉटलंडची गोष्टही सांगितली. तिनें हातांतलीं फुलें निवडतां निवडतां ऐकून घेतलें आणि म्हणाली, "फूल गोड हाय, भाऊ. पन दारू कोनाले गोड झाली?"

श्रोतेहो, माझें सारें पांडित्य तेथें थांबलें. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली, तिच्यामागें अशाच बायकांचा जोर होता. त्यांच्यापुढें वासाचें आणि वारशाचें कौतुक गाणें मला जमत नाहीं. तरी मला वाटतें तें सांगितलें पाहिजे. तिच्या नवऱ्याला मारलें तें आजाच्या चुलीवरच्या मडक्यानें नव्हे. त्या मडक्याला नांव होतें, मोसम होता, 'आतां पुरे' म्हणणारा हात होता. तें गेलें आणि दारू मात्र उरली. आपण शहरांतले लोक व्हिस्की आवडते म्हणतों, तेव्हां पुष्कळदां नांवच पीत असतों. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कित्येक बाटल्यांतील मद्यार्क उसाच्या मळीपासून काढलेला असतो, आणि युरोपांत त्याला व्हिस्की म्हणूं देत नाहींत. नांवाला एवढें महत्त्व आपण देतों, तर तें मान आणि जबाबदारी या दोन्हींसह गाळणाऱ्या गोंडालाही मिळावें. मग प्यावें कीं न प्यावें, आणि गांवांत भट्टी असावी कीं नसावी, हें गांवच्या बायकांना विचारून ठरवावें. आजाच्या सुनेनें 'नको' म्हटलें, तर माझ्या आवडीनें गप्प बसावें, हें मला मान्य आहे.

निघतांना तिनें मला शेरभर वाळलेलीं फुलें दिलीं. त्यांचे माझ्या पत्नीनें लाडू केले आणि कांहीं अमेरिकेला धाडले. धाकट्या भाच्याचें पत्र आलें आहे. बर्बनचा त्यांत उल्लेख नाहीं. लाडू संपले, एवढेंच तो लिहितो.