टेकडीवरचा टॉवर आणि पीज

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू टीव्हीवाला, तू टीव्हीवर बोल. पंधरा मिनिटं. आणि रामायणाच्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे ते सांगू नकोस, ते सगळ्यांना माहीत आहे." म्हणून ते सोडून देतो. अँटेना फिरवायला कौलांवर चढलेला भाऊ आणि खालून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडणारी आई, हेही तुमच्या प्रत्येकाच्या घरी झालेलं आहे. मी त्याच्या पलीकडच्या टोकाला, टेकडीवरच्या त्या खोलीत बसलेला होतो एवढाच फरक.

गावात अजून पुष्कळ जण त्या जागेला "आपलं टीव्ही केंद्र" म्हणतात. आज आधी तो गैरसमज दूर करतो. १९८४ साली देशात अशा लघुशक्ती प्रक्षेपकांची लाटच आली होती. काही महिने तर रोज सरासरी एक प्रक्षेपक सुरू होत होता. आपला त्यातलाच एक. शक्ती किती, तर १०० वॅट. तुमच्या स्वयंपाकघरात पूर्वी जो पिवळा दिवा होता ना, तेवढी. एवढ्याशा शक्तीवर पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत चित्र जायचं, कारण या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून टेकडी. घाटाखालच्या वाड्यांना शेवटपर्यंत मुंग्याच दिसल्या, आणि त्याबद्दल बाजारात मला शिव्या बसायच्या.

खोलीत काय होतं? बाहेर एक मोठी तबकडी, ती इनसॅट-१बी उपग्रहाकडून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायची. आत प्रक्षेपक, एक मॉनिटर, डिझेलचा जनरेटर, नोंदवही आणि आम्ही चार-पाच माणसं. बस. कॅमेरा नाही, माइक नाही, स्टुडिओ नाही. वरून आलेलं खाली सोडायचं. पोस्टमन पत्र लिहीत नाही, तसं. आणि सुरुवातीची काही वर्षं जे यायचं ते दिल्लीचं, म्हणजे हिंदी-इंग्रजी. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून मराठीत बोलत होतं, पुण्याला सिंहगडावरून १९७३ पासून ते दिसत होतं, आणि आपल्या गावच्या आजीबाई मात्र संध्याकाळी इंग्रजी बातम्या बघत बसायच्या. एका आजींनी मला विचारलं होतं, "बाळा, ह्यो माणूस कुनाला रागं भरतोय?"

आता मी हे सगळं सांगतोय ते का, तर खरंखुरं "आपलं टीव्ही केंद्र" म्हणावं असं एक केंद्र मी पाहिलेलं होतं. या नोकरीच्या आधी. गुजरातेत.

माझा मामा वडोद्याला रेल्वेत होता. डिप्लोमाला असताना, १९७९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या कचेरीतला एक जण आणंदकडच्या खेड्यातला. मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड म्हणून मामा म्हणाला, "चल, तुला एक गंमत दाखवतो." आम्ही संध्याकाळी त्या गावच्या दूध मंडळीच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलो. बायका-पोरं बरण्या, लोट्या घेऊन रांगेत. दूध मोजलं जातंय, फॅट काढलं जातंय, वहीत नोंद. आणि रांग संपत आली तशी कुणीही घरी जाईना! मंडळीच्या माणसाने लाकडी कपाट उघडलं, आत टीव्ही. ओटा भरून गेला. काही माणसं ओट्याखाली, जरा अंतर ठेवून बसली. का ते मी तेव्हा विचारलं नाही, पण विचारायची गरजही नव्हती.

कार्यक्रम लागला आणि मी चकित झालो. त्यात बोलणारा शेतकरी त्या भागातल्या चरोतरी बोलीत बोलत होता. मामाचा मित्र म्हणाला, हा अमुक गावचा, आमच्या सोयरिकीतला. म्हातारी बाई पडद्याकडे बोट दाखवून त्याच्या बापाची कुळकथा सांगायला लागली. सगळे हसले. मग मजुरीवरून एक प्रसंग आला, शेतमालक आणि मजूर यांचा. त्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. ओट्यावर शांतता आणि ओट्याखालीही शांतता. दोन्ही शांतता एकसारख्या नव्हत्या हे मला विशीच्या आतल्या वयातही कळलं.

त्या केंद्राचं नाव पीज. नडियादजवळचं एक खेडं. १९७५ साली तिथे १ किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला, आपल्या टेकडीवरच्यापेक्षा दसपट, तरी मोठ्या शहरांच्या केंद्रांपुढे छोटाच. खेडा जिल्ह्यातल्या सुमारे ४०० गावांत सहाशेच्या वर सामुदायिक संच ठेवलेले होते, बरेचसे दूध मंडळ्यांच्या जागेत. ती युक्ती मला फार आवडते. लोक रोज दोनदा जिथे येतातच, तिथेच टीव्ही ठेवला. वेगळं बोलवायला नको.

हे काम केलं ते इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने. तुम्हाला 'साइट' प्रयोग आठवत असेल. आपल्या सरांनी भूगोलाच्या तासाला सांगितला होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह आपल्याला मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट कार्यक्रम दिसत होते. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण फक्त ऐकलं. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते, आपलाच माणूस. वर्ष संपलं, उपग्रह गेला आणि २४०० गावांतलं ते थेट दर्शन थांबलं. पीज मात्र जमिनीवरचं होतं, ते उरलं. पुढची जवळजवळ दहा वर्षं ते चाललं.

चाललं कसं, हे मी नोकरीला लागल्यावर वरिष्ठांकडून आणि छापून आलेलं वाचून समजून घेतलं. कार्यक्रम करणारी माणसं गावात जाऊन राहायची. आधी लोकांना काय हवंय, काय ठाऊक आहे हे विचारायचं, मग लिहायचं. चित्रीकरण गावात, पुष्कळदा गावकरीच नट. दाखवून झाल्यावर पुन्हा जाऊन विचारायचं, समजलं का, पटलं का? त्यासाठी समाजशास्त्र शिकलेली माणसं मुद्दाम नेमलेली. जाहिराती नाहीत. विषय कोणते, तर अस्पृश्यता, दारू, बायकांचं घरातलं स्थान, किमान वेतन, सहकारी संस्थांचा कारभार. गावकऱ्यांची तक्रार घेऊन साहेबाला कॅमेऱ्यापुढे उभं करायचे. माझ्या मते सगळ्यात धाडसाचं काम हेच. संच ज्या मंडळीच्या कपाटात, तिच्याच पुढाऱ्यांना बोचेल असं दाखवायचं आणि उद्या पुन्हा तेच कपाट उघडलं जाईल अशी आशा ठेवायची.

१९८४ साली पीजच्या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. आणि १९८५ साली केंद्र बंद झालं. अहमदाबादचा मोठा प्रक्षेपक आता तिथपर्यंत पोचतो, मग छोट्याची गरज काय, असा हिशेब. अभियंता म्हणून तो हिशेब मला कळतो. नकाशावर दोन वर्तुळं काढली तर मोठ्यात छोटं बसतंच. पण लोकांनी विरोध केला, कारण मोठ्या वर्तुळात त्यांची बोली बसत नव्हती. यंत्र गेलंच.

म्हणजे बघा, ज्या काळात आपल्यासारख्या गावांत टॉवरमागून टॉवर उभे राहत होते, त्याच काळात बोलणारा टॉवर उतरवला गेला. आमची संख्या वाढली, तोंड गेलं.

आता आपल्या गावाकडे येतो, आणि एक गोष्ट सांगतो जी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

१९८६ च्या स्नेहसंमेलनानंतर आपल्या मराठीच्या बाई सात-आठ मुलींना घेऊन उन्हातून टेकडी चढून आल्या. मुलींनी हुंड्यावर नाटुकलं बसवलं होतं, त्यांनीच लिहिलेलं. बाईंच्या हातात अर्ज. "हे आपल्या केंद्रावरून दाखवता येईल का?" मी बाईंना खुर्ची दिली, मुलींना पाणी दिलं, प्रक्षेपक दाखवला. त्यातली एक मुलगी मॉनिटरच्या मागे जाऊन बघत होती, माणसं कुठून येतात ते. इथे कॅमेराच नाही, हे त्यांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. माझ्याच्याने सांगवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो दूध मंडळीचा ओटा होता. मी म्हटलं, "बाई, अर्ज ठेवा. वर पाठवतो."

मी तो पाठवला नाही. पाठवून काही होणार नव्हतं हे खरं, आणि साहेब हसतील अशी मला भीती वाटली हेही खरं. महिन्याभराने बाई बाजारात भेटल्या, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वरून उत्तर नाही आलं अजून." पुढे दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. मी मात्र बाई दिसल्या की दोन-तीन वर्षं रस्ता बदलत होतो. आज त्या पहिल्या रांगेत बसल्यात म्हणून रस्ता बदलायची सोय नाही.

पुढचं थोडक्यात. मुंबईचे मराठी कार्यक्रम आले, मग केबल आली, मग घराघरांवर छोट्या तबकड्या आल्या. आमच्या प्रक्षेपकाकडे कोण बघतंय हे आम्हालाच ठाऊक नसायचं. एकदा वीज जाऊन जनरेटरही बिघडला, अर्धा दिवस प्रक्षेपण बंद, आणि एकाही माणसाचा फोन आला नाही. त्या दिवशी मला वाटलं तेवढं वाईट निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नाही. २०२० ला मी निवृत्त झालो. २०२१-२२ मध्ये देशातले अशा जुन्या पद्धतीचे उरलेले बहुतेक प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद झाले, त्यात आपलाही गेला.

निवृत्तीच्या आधी टेबल आवरताना खालच्या खणात तो अर्ज सापडला. रेघांचा कागद, बाईंचं मोत्यासारखं अक्षर, खाली आठ मुलींच्या सह्या. मी तो आज आणलाय. त्या आठांपैकी तीन जणी माझ्या माहितीप्रमाणे आज या सभागृहात आहेत, आपल्या नंतरच्या तुकडीतून आल्यात. बाई, हा घ्या. आणि नाटुकल्यातलं काही आठवत असेल, तर संयोजकांनी मला दिलेल्या पंधरा मिनिटांतली चार मिनिटं अजून शिल्लक आहेत. ती मी त्यांना देतो.